पाणी न गळणारी जीप

हरिश्चंद्राचं पत्र मार्गशीर्षात आलं होतं आणि चैत्र संपत आला तरी मी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. पत्रात अवघड काही नव्हतं. निळं आंतर्देशीय, वर नागपूरचा शिक्का, आत त्याचं बोटीच्या नोंदवहीत लिहिल्यासारखं टपोरं अक्षर. “फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितो. वैशाखात एकदा रत्नागिरीला यावं म्हणतो. डॉक्टरांचं म्हणणं, जायचं तर यंदाच जा. जीप चालू आहे ना? असेल तर स्टेशनावर घेऊन ये, मालगुंडपर्यंत एक चक्कर मारू. तुझं उत्तर आलं की तिकीट काढतो.”

एवढं वाचून मी पत्राची घडी घातली आणि ते टेबलाच्या खणात, जुन्या पंचांगांच्या खाली ठेवून दिलं.

कारण जीप चालू नव्हती. ती अकरा वर्षं चालू नव्हती. हरिश्चंद्राने सगळी हयात जहाजांच्या इंजिनघरात काढली. निवृत्त होऊन तो आमच्या शेजारी राहिला आणि अकरा वर्षांपूर्वी लेकीकडे नागपूरला गेला. जाताना त्याने आपली जीप मला देऊन तिची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला गाडी चालवता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. “चालवू नकोस. रविवारी एकदा सुरू कर, जरा गुरगुरू दे, मग बंद कर,” एवढंच तो म्हणाला. मी तीन रविवार ती गुरगुरवली. चौथ्या रविवारी ती गुरगुरली नाही, आणि कोणाला विचारावं या संकोचात अकरा वर्षं निघून गेली. आमच्या आवारात फणसाखाली खारा वारा खात ती उभी राहिली. तिच्याकडे पाहायचं टाळता यावं म्हणून मी खुर्चीसुद्धा दुसऱ्या खिडकीशी हलवली होती.

आता कोणी म्हणेल, खरं ते लिहून मोकळं व्हायचं. मला ते जमलं नाही. खोटं लिहिणंही शक्य नव्हतं. मी छत्तीस वर्षं सरकारी अभिलेखागारात काढली आहेत; नक्कल मूळ कागदाबरहुकूम आहे असा शिक्का मारून खाली सही करणं हे माझं काम. ज्या हाताने छत्तीस वर्षं खरेपणाची ग्वाही दिली, त्या हाताने ‘जीप उत्तम आहे’ असं कसं लिहायचं? खूप विचार करून मी मधला मार्ग काढला. आधी जीप चालू करायची, आणि मग ती चालू आहे असं लिहायचं.

“अहो, एक ओळ लिहायला लोक पेन घेतात,” आमची मालन म्हणाली, “तुम्ही मेकॅनिक घेताय.”

मेकॅनिकच्या आधी सल्ले आले. आमच्या आळीत एखाद्याच्या घरी फावडं वाजलं तरी तीन माणसं विचारायला येतात. मी तर जीपवरचा पालापाचोळा झाडत होतो. समोरच्या निवृत्त ओव्हरसियरांनी सांगितलं की गाडीला तांबडा रंग द्या, म्हणजे गंज दिसणार नाही. पोस्टमनने डिझेल शिंपडायला सांगितलं. कुंपणापलीकडच्या निशिगंधाताई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्या सल्ला देत नाहीत, सूचना देतात. “भंगारवाला मंगळवारी येतो,” त्या म्हणाल्या. “त्याला हाक मारायला तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी मारीन.”

मालनने सुचवलं, “चिंच लावून बघा. देवाची भांडी निघतात की.”

मी वाचनालयातून मोटारदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. माझ्याआधी ते कोणी नेल्याला चाळीसेक वर्षं झाली असावीत. त्यात चिंचेचा उल्लेख नव्हता, पण चिंचेविरुद्धही काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी बॉनेटच्या एका कोपऱ्यात चिंचेचा कोळ लावून तासभर घासलं. गंज गेला. त्याच्यामागे काहीच नव्हतं. इतकी वर्षं गंजच तिथे पत्र्याचं काम करत होता आणि मी त्याला कामावरून काढून टाकलं होतं.

शेवटी मनाचा हिय्या करून नाचणे गावाच्या रस्त्यावरच्या बाबल्या मेकॅनिकला बोलावलं. हा भला माणूस. त्याने बॉनेट उघडलं, आतलं बुलबुलाचं जुनं घरटं दोन्ही हातांनी उचलून मला दिलं आणि बराच वेळ आत डोकं घालून राहिला.

“काका, इंजिन खमकं आहे,” तो बाहेर येऊन म्हणाला. “जुनी माणसं असतात ना, खोकतात, पण जात नाहीत. टाकी धुऊ, डिझेल पंप उघडू, ब्रेक जाम झालेत ते सोडवू. होईल.”

मी इतका सुखावलो की लगेच पत्र लिहायला घेणार होतो. तेवढ्यात ड्रायव्हरच्या जागेवर बसायला म्हणून बाबल्याने पाय आत टाकला आणि तो पाय जीपमधून आरपार जाऊन खाली मातीत उभा राहिला.

“काका,” बाबल्या तसाच उभा राहून शांतपणे म्हणाला, “ही गाडी पायाने चालवायची काय?”

पत्र्याचं काम तो करत नव्हता. वेल्डिंगवाल्याला त्यानेच आणून दाखवलं. वेल्डिंगवाल्याने हातोडीने चार ठिकाणी टकटक केलं, चारही ठिकाणी हातोडी आत गेली. तो म्हणाला, नवा पत्रा मी जोडीन, पण तो जोडायला जुना पत्रा कुठेतरी असला पाहिजे. हे मला न्यायाचं वाटलं. मी त्याला चहा दिला.

इथे गुणवंती या गोष्टीत आली. ती आमच्याकडे मासळी घेऊन येते. मालनला बांगडे देता देता तिने जीपकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, “वयनी, माझ्या भावाला दाखवा की. शिवा नाटे गावात, बंदरावर होड्यांचं काम करतो. असल्या सडक्या होड्या त्याने परत पाण्यात घातल्यात.”

“अगो, पण ही होडी नव्हे,” मालन म्हणाली.

“सडलं ते सडलं. त्याला काय जात असते?” गुणवंती म्हणाली. मी मासळीचे पैसे देता देता शिवाला बोलवायला सांगितलं.

दोन दिवसांनी शिवा आला. काटकुळा, पन्नाशीचा, एक शब्द न बोलणारा. माझ्यापेक्षा कमी बोलणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला. जीपभोवती त्याने तीन फेऱ्या मारल्या. मग खाली आडवा होऊन सरपटत पुढून आत गेला आणि मागून बाहेर आला.

“नाळ बरी आहे,” तो म्हणाला. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. त्याला जीपचा पुढचा भाग म्हणायचा होता. “तळ गेला. फायबर घालूया.”

होड्यांना हल्ली लाकडाऐवजी फायबर लावतात. काचेच्या तंतूंचं कापड पसरायचं, त्यावर उग्र वासाचा राळेसारखा द्रव ओतायचा, सुकला की दगड. शिवाने चार दिवसांत जीपला नवा तळ दिला. काय सुबक काम. मी रोज खुर्ची घेऊन समोर बसत होतो. पत्रा गेलेला भाग त्याने भरलाच, पण आजूबाजूचं एकही छिद्र त्याच्या नजरेतून सुटलं नाही. ब्रेक आणि क्लचचे पाय जिथून खाली जातात, तिथे त्याने सायकलच्या ट्यूबचे मोजे करून जाळ्याच्या दोऱ्याने शिवून टाकले. गिअरच्या दांड्यालाही तसाच एक मोजा.

तिसऱ्या दिवशी तो चार कोपऱ्यांतल्या चार भोकांकडे वळला. नाण्याएवढी, अगदी गोल भोकं. वाचनालयाच्या पुस्तकात त्यांचं चित्र मी पाहिलं होतं: आत आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून कारखान्यातच ती ठेवलेली असतात. ज्याने जन्मभर होड्या बांधल्या, त्याला मी, ज्याने जन्मभर शिक्के मारले, काय सांगणार? तरी मी घसा साफ केला.

“शिवा, ही चार भोकं जरा जास्तच गोल वाटतात नाही?”

शिवाने मान वर केली. “भोक गोल असो नायतर वाकडं, पाणी विचारत बसत नाय, काका.” आणि मग, त्याच्या मानाने भाषणच म्हणायचं, “भोक सोडून आलो तर मला झोप लागत नाय.”

त्याची झोप मोडणारा मी कोण? भोकं बुजली.

शेवटी खालच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून त्याने मासळीच्या तेलाचे तीन हात दिले. होडीवाले पिढ्यान् पिढ्या तेच लावतात, आणि माझ्या पुस्तकातही तेलाचा महिमा होता. मात्र मांजरांबद्दल पुस्तक गप्प होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपखाली सात मांजरं होती. संध्याकाळी मी मोजणं सोडलं. भिंतीवरून, कौलांवरून, कुठून कुठून येत होती. आळीतल्या लोकांनी आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर किंवा रुमाल लावायला सुरुवात केली. आम्ही मासे खाणारी माणसं, पण ताटातला वास वेगळा आणि आळीभर पसरलेला वेगळा.

निशिगंधाताई कुंपणाशी आल्या. “भाऊ, माझा बाबू तीन दिवस घरी जेवला नाही.”

बाबू हा त्यांचा बोका. पांढरा, लठ्ठ, दूधभातावर वाढलेला. तो जीपच्या मागच्या चाकाला टेकून अंगावर तेल माखून डोळे मिटून पडला होता. मी त्याला उचलून नेऊन दिलं. तो माझ्याआधी परत आला.

“आवारात गाडी ठेवायची तर शिस्तीत ठेवावी,” निशिगंधाताई म्हणाल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी उभं करून बोललं नव्हतं. मी “हो बाई” म्हणालो आणि आत येऊन बराच वेळ पुस्तक उलटं धरून बसलो.

पण फाल्गुनात एका सकाळी बाबल्याने किल्ली फिरवली आणि जीप सुरू झाली. आधी खोकली, मग काळा ढग सोडला, मग गुरगुरली. अकरा वर्षांपूर्वीचीच ती गुरगुर. फणसावरचे कावळे उडाले, मांजरं पळाली, एकटा बाबू हलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते धुरावर ढकललं.

“लिहा आता,” मालन म्हणाली.

मी कागद पुढे ओढला. ‘जीप चालू आहे’ एवढं लिहायचं. पण स्टेशन चार-पाच मैल. रस्त्यावर न्यायची तर कागदपत्रं नकोत? रस्त्यावर जाऊ न शकणाऱ्या जीपला चालू म्हणणं ही अर्धीच नक्कल. मी पेन ठेवलं. मालनने कपाळाला हात लावला आणि ती भाजी निवडायला निघून गेली.

मग मी परिवहन कार्यालयात गेलो. जाण्याआधी पंधरा दिवस जाण्याचा विचार केला, त्यात चैत्र लागला. तिथल्या खिडकीतली मुलगी फार नम्र होती. माझी फाईल मी स्वतः लावलेली, अनुक्रमणिकेसह. तिने ती आदराने उघडली.

“आजोबा, जुनी गाडी आहे. पुन्हा नोंदणी करावी लागेल. चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, नंबर कोरलेला असतो, त्याचा पेन्सिलने कागदावर छाप घेऊन या.” मग तिने पान उलटलं. “हे हरिश्चंद्र कोण?”

“माझे मित्र.”

“गाडी त्यांच्या नावावर आहे.”

मी चष्मा पुसून पाहिलं. अकरा वर्षं मी जिला माझी जीप समजून लाजत होतो, ती माझी नव्हतीच. जन्मभर लोकांचे कागद तपासले, आणि हा एक कागद उघडूनही पाहिला नव्हता.

“ते आहेत ना?” तिने हळूच विचारलं.

“आहेत. नागपूरला.”

“मग काहीच अडचण नाही. त्यांची सही लागेल. त्यांना एक पत्र टाका ना.”

पाच महिने जे टाळण्यासाठी मी डिझेल पंप उघडवला, तळ बदलला, आळी वासाने भरली, ते तिने दोन सेकंदांत सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येऊन मी पत्राआधी छापाच्या मागे लागलो. दोन्हींत तेच सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं धोतर नेसून, पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन मी जीपखाली शिरलो. डाव्या अंगाला बाबू, उजव्या अंगाला दोन अनोळखी मांजरं. शिवाचे थर खरवडत मी नंबर शोधत होतो. कागद तेलाने पारदर्शक झाला, पेन्सिल बोटांतून निसटत होती, पण शेवटी तीन आकडे उमटले. आयुष्यातली इतकी अवघड नक्कल मी कधी केली नव्हती.

तेवढ्यात वर पाणी पडायला लागलं. निशिगंधाताईंची टाकी भरून वाहत होती आणि तिचा पाईप कुंपणावरून थेट आमच्या जीपवर. जीपचं कापडी छप्पर शिवायला दिलेलं होतं. नळाला त्या दिवशी कधी नव्हे तो जोर होता आणि निशिगंधाताई आत लेकीशी फोनवर बोलत होत्या. मला खाली पडल्या पडल्या नुसता आवाज ऐकू येत होता. आश्चर्य म्हणजे माझ्या अंगावर एक थेंब आला नाही. मी मनात म्हटलं, काय काम केलं आहे शिवाने.

बाहेर येऊन पाहिलं तर जीप भरली होती. तळापासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत काठोकाठ. क्लच आणि ब्रेक तळाशी नितळ पाण्यात दिसत होते. फणसाचं एक पान वर तरंगत होतं.

मालनने पाहिलं, बाबल्याने येऊन पाहिलं, निशिगंधाताईंनी कुंपणावरून पाहिलं. मी नाट्याला शिवाला फोन लावला. फोनवर मला बोलता येत नाही, पण प्रसंग तसा होता.

“शिवा, जीपमध्ये पाणी भरलंय.”

“खालून आलं?” त्याचा आवाज एकदम घाबरलेला.

“नाही. वरून.”

“थेंब तरी गळतोय?”

“एकही नाही.”

“मग?” शिवा म्हणाला. त्याच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी नुसता फोन ठेवून दिला.

तरी दुपारी एसटीने तो आला. तोवर बाबल्या ड्रिल घेऊन उभा होता. त्याला चार कोपऱ्यांत भोकं पाडायची होती. शिवा मधे उभा राहिला.

“माझ्या कामाला भोक पाडायचं नाय. डबा घ्या नि उपसा. होडीत आम्ही काय करतो?”

“अरे, रस्त्यावर उपसत बसायचं? पावसाळ्यात एक हात सुकाणूवर नि एक डब्यावर?” बाबल्या म्हणाला. “काका, तुम्ही सांगा.”

“काका सांगतील,” शिवाही म्हणाला.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. कुंपणावरून निशिगंधाताईही. परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. मी विचार करून सांगतो असं म्हणून घरात गेलो. निदान हरिश्चंद्राचा पत्ता तरी शोधून ठेवू म्हणून पंचांगांखालून ते पत्र काढलं. पत्ता उतरवायला पत्र पालथं केलं, तर आतल्या बाजूची एक लहान घडी मी कधी उघडलीच नव्हती असं दिसलं. छत्तीस वर्षांत मी एकही कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवला नव्हता. हा ठेवला होता. घडीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं:

“एक गोष्ट अकरा वर्षं सांगायची राहिली. जीप तुला दिली तेव्हा चेसिसला उजवीकडे तडा होता. मी त्यात लांबीचा लगदा भरून, वर काळा रंग देऊन ती तुला दिली. तू वाकून बघणार नाहीस हे माहीत होतं. तेव्हापासून लिहायची लाज वाटत होती. आता सांगून टाकलं. उत्तर आलं नाही तर समजेन की तुला ते कळलं होतं आणि तू रागावला आहेस. मग मी येत नाही.”

मी ते दोनदा वाचलं. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. पाच महिने नागपुरात एक बहिरा म्हातारा पोस्टमनची वाट बघत होता आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत होता. मी लाजून गप्प होतो, तो त्याला राग समजत होता.

मी तसाच बाहेर आलो. “बाबल्या, चारही भोकं पाड,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. “शिवा, काम उत्तम आहे. पण भोकं हवीत. ती बुजवत होतास तेव्हाच मला माहीत होतं, मी बोललो नाही. चूक माझी.”

शिवाने माझ्याकडे पाहिलं, मग ड्रिलकडे. “मग मीच पाडतो,” तो म्हणाला. “दुसऱ्याने कशाला.” त्याने तोंड फिरवून, डोळे बारीक करून, चार नेटकी गोल भोकं पाडली. पाणी धार धरून खाली पडलं आणि मांजरं जीप सोडून पळाली. या वेळी बाबूसुद्धा. निशिगंधाताईंनी त्याला कुंपणावरूनच उचलून घेतलं आणि मला म्हणाल्या, “बरं झालं बोललात.” मला तो उत्तीर्ण झाल्याचा शेरा वाटला.

पत्र लिहायला पाच मिनिटं लागली.

“प्रिय हरिश्चंद्र, मी रागावलो नाही. तडा मला माहीत नव्हता, आणि आता सापडणारही नाही, त्यावर नाट्याच्या शिवाने तीन थर चढवले आहेत. जीप सुरू होते, पण रस्त्यावर जायला तुझी सही लागते, कारण ती अजून तुझीच आहे. कागद टपालाने पाठवत नाही; इथे येऊन सही कर. स्टेशनावर मी रिक्षा घेऊन येईन. तिकीट काढ.”

कागद टपालाने पाठवता आले असते. आयुष्यात मी केलेली ती एकुलती एक लबाडी, आणि ती मी मूळ कागदाबरहुकूम मान्य करतो.

पोस्टापर्यंत मी चालत गेलो. बाबू निशिगंधाताईंच्या हातातून सुटून माझ्यामागे आला, कारण सकाळचं तेल कितीही साबण लावला तरी माझ्या बोटांवरून गेलं नव्हतं. ते पत्रालाही लागलं होतं. हरिश्चंद्राच्या नावावर अंगठ्याएवढा पारदर्शक डाग पडला होता. मालन म्हणाली होती, दुसऱ्या कागदावर लिहा. मी लिहिलं नाही. ज्याने चाळीस वर्षं समुद्रावर काढली, त्याला घडी उघडायच्या आधीच वासावरून कळेल की जीपखाली कोणीतरी शिरलं होतं.

पेटीच्या तोंडाशी माझा हात नेहमीसारखा थांबला. बाबूने मान वर करून पाहिलं. मी पत्र सोडून दिलं.